आजन्म इनकमिंग

आमच्या घरमालक बाई सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. मला, केबलवाल्याला, शाळेत जाणाऱ्या पोरांना आणि जिन्यात बसणाऱ्या मांजरालासुद्धा. मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर "अहो, वाट सोडा, लोक ये-जा करतात" असं ऐकू आलं. कोणी वडीलधारं माणूस आलं असेल म्हणून मी ओढणी सावरून बाहेर आले. मांजर उठलं नव्हतं. बाई उत्तराची वाट पाहत त्याच्यासमोर उभ्या होत्या.

त्यांना काकू म्हणायची सोय नव्हती. मी एकदा म्हणून पाहिलं.

"तुमच्या वडिलांना भाऊ आहेत का?" त्यांनी विचारलं.

"दोन आहेत."

"लग्नं झालीत?"

"झालीत."

"मग तुम्हाला काकू आहेत," असं म्हणून त्या आत गेल्या. तेव्हापासून मी त्यांना नुसतं बाई म्हणू लागले.

मी चंद्रपूरची. हिंजवडीतल्या एका कंपनीत लागले होते आणि शहरात खोली शोधत होते. आजोबांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली, घरातल्या भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, पण आडनाव तेच राहिलं. त्या आडनावावरून ज्यांना जे समजून घ्यायचं असतं ते त्यांना लगेच समजतं. आधीच्या दोन घरांत चहा होईपर्यंत खोली रिकामी होती आणि आडनाव सांगितल्यावर ती कालच गेली असल्याचं त्यांना आठवलं. शनिवार पेठेतल्या या दुसऱ्या मजल्यावर मी चढले तेव्हा मनातून उतरायची तयारी ठेवूनच चढले होते. बाईंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"मधला 'शी' ऱ्हस्व की दीर्घ?"

"दीर्घ."

"दाखल्यावर?"

"ऱ्हस्व आहे."

"मग दाखला चुकलाय. या आत."

बाई निवृत्त मुद्रितशोधक होत्या. जवळच्याच एका छापखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. शाळेची पुस्तकं, पंचांगं, लग्नपत्रिका, मोटारीच्या माहितीपुस्तिका, जे येईल त्याच्या चुका त्या काढत. मी काय काम करते असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, की दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर चालवून बघायचं आणि त्यातल्या चुका शोधायच्या. "म्हणजे मुद्रितशोधकच," त्या म्हणाल्या. आमच्या कंपनीत माझ्या पदाचं नाव बरंच लांब होतं, पण आईला सांगायला मला बाईंचाच शब्द सोपा वाटायचा.

छापखान्यात हे काम दोघींचं होतं. एकीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, अगदी स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद यांच्यासकट, आणि दुसरीने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचणाऱ्या होत्या शकूताई. बाई बघणाऱ्या. समोरासमोर बसून इतकी वर्षं एकीने बोलायचं आणि दुसरीने टोकायचं, यात त्यांची मैत्री झाली. ती कशी झाली हे मला कधी कळलं नाही, कारण बाई शकूताईंविषयी चांगलं असं काही बोलत नसत. "जोडाक्षरं खाते" एवढंच म्हणत.

निवृत्तीनंतर शकूताई सांगलीला भाच्याकडे राहायला गेल्या. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. सकाळी आठ वाजता शकूताईंचा फोन यायचा. त्या सांगलीचा पेपर मोठ्याने वाचायच्या आणि बाई इकडून चुका सांगायच्या. अर्धा तास हे चाले. "कशी आहेस", "जेवलीस का" वगैरे मी कधी ऐकलं नाही. पेपर संपला की फोन संपला. शकूताईंना ऐकू कमी येत होतं, आणि नंतर नंतर त्या विसरायलाही लागल्या होत्या. पण बाईंचा मोबाइल नंबर त्यांच्या बोटांना पाठ होता.

या नंबरावरूनच पुढचं सगळं झालं.

बाईंनी मोबाइल घेतला तेव्हा कंपनीने 'आजन्म इनकमिंग' असं छापलेलं पाकीट दिलं होतं. एकदा पैसे भरायचे, मग मरेपर्यंत फोन येत राहतील. बाई स्वतःहून कोणाला फोन करत नसत, त्यामुळे त्यांना हे बरोबर वाटलं. मग बाजारात नव्या कंपन्या आल्या, इंटरनेट पाण्यासारखं वाहायला लागलं, आणि एक दिवस बाईंना निरोप आला, की दर महिन्याला रिचार्ज केला नाही तर येणारे फोनही बंद होतील. बाईंनी तो निरोप मला वाचायला दिला. मला वाटलं त्यांना अर्थ हवाय.

"अर्थ कळला," त्या म्हणाल्या. "चूक कुठे आहे ते बघताय ना?"

लक्ष्मी रस्त्यावरच्या मोबाइलच्या दुकानात त्या मला साक्षीदार म्हणून घेऊन गेल्या. काउंटरवरचा मुलगा गळ्यात पट्टा घातलेला आणि फार सभ्य होता.

"हे आजन्म म्हणजे कोणाचा जन्म?" बाईंनी पाकीट पुढे ठेवलं.

"मॅडम, म्हणजे लाइफटाइम."

"तेच विचारते. कोणाचं?"

"ॲक्च्युअली मॅडम, प्लॅनचं लाइफ असतं."

"म्हणजे प्लॅन वारला."

"डिसकंटिन्यू झाला, मॅडम."

"आणि मी?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी पाकिटाकडे पाहिलं.

"आपल्यासमोर उभी आहे ना मी?"

"हो, मॅडम."

"मग तसं लिहून द्या. ग्राहक जिवंत, आजन्म समाप्त. खाली सही."

मुलाने त्यांना पाणी दिलं. मॅनेजर बाहेर आले, त्यांनीही पाणी दिलं. बाई दोन्ही ग्लास पाणी प्यायल्या आणि पाकीट पिशवीत ठेवून बाहेर पडल्या. रिचार्जची रक्कम किरकोळ होती, मी ती भरते म्हटलं. त्यावर त्या रस्त्यात थांबल्या. "प्रश्न शब्दाचा आहे," त्या म्हणाल्या. "आज आजन्मचा अर्थ महिनाभर झाला. उद्या महिनाभरचा काय होईल?"

घरी येताना मी सहज बोलून गेले, की आमच्या ऑफिसातली मुलं घरी फोन लावतात ते वायफायवरून, त्याला मोबाइलचा प्लॅन लागत नाही.

"म्हणजे या कंपनीशिवाय?"

"वायफायची कंपनी वेगळी असते."

"ती आजन्म म्हणते का?"

"नाही. ती महिना म्हणते आणि महिनाच देते."

"मग तिला बोलवा."

केबलवाल्याने येऊन देवळीत डबा बसवला. मी बाईंना साधा स्मार्टफोन आणून दिला, त्यात फोन लावायचं ते सगळ्यांकडे असतं ते ॲप त्यांच्याच नंबरावर टाकलं. सांगलीला शकूताईंची भाचेसून तयार झाली. सकाळी ती आपल्या मोबाइलवरून बाईंना लावून द्यायची आणि फोन शकूताईंच्या समोर ठेवायची. मग स्वयंपाकाला लागायची. बाईंनी रिचार्ज केला नाही. महिन्याने सिमकार्ड बंद झालं. बाईंच्या ते गावीही नव्हतं, कारण पेपर रोज येत होता, आणि पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येत होता.

अडचण घराबाहेर होती. वायफाय घरात, बाई बाहेर. त्यांनी ती वेळापत्रकाने सोडवली. "दहा ते अकरा मी वाचनालयात लागेन," असं त्या ओळखीच्यांना सांगून ठेवत. "अकरानंतर दातांच्या डॉक्टरांकडे लागेन." बाईंची कवळी होती, दोन्ही बाजूंची. पण डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत वायफाय चांगलं होतं आणि भिंतीवरच्या सूचना त्यांनीच दुरुस्त करून दिल्या असल्यामुळे डॉक्टर काही म्हणत नसत. मंगळवारी त्या बुधवार पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसत. त्या मालकाने बायकोला सांगून ठेवलं होतं, की मंगळवारी मला घरचा फोन करू नकोस, बाई उचलतात.

मी एकदा म्हटलं, "बाई, रस्त्यात काही झालं तर?"

"काही होणार असेल तर मी वाचनालयात पोचेपर्यंत थांबेन."

मग एका रविवारी मी माझा फोन बघत होते, तर त्यात 'घरमालक बाई' या नावापुढे कांद्याच्या गोण्यांचा फोटो आला. खाली लिहिलेलं, 'शेतकरी माझा राजा'. मी उठून स्वयंपाकघरात गेले. बाई चहा गाळत होत्या.

"तुम्ही फोटो बदललात?"

"कसला फोटो?"

मी दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला. "राजामध्ये चूक नाही," त्या म्हणाल्या. "पण मी हे लिहिलेलं नाही."

काय झालं होतं ते मला कळायला वेळ लागला नाही, कारण असल्या चुका काढणं हे माझं कामच होतं. बंद पडलेला नंबर कंपनीने काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकला होता. ॲपला माणूस ओळखू येत नाही, नंबर ओळखू येतो. त्या माणसाने आपल्या फोनवर ॲप टाकलं आणि बाई तिथून निघाल्या. मी त्यांना ईमेलवर चालणारं दुसरं एक ॲप टाकून दिलं. पण त्याचा उपयोग ज्याच्याकडे तेच ॲप आहे त्याच्यापुरता. सांगलीच्या भाचेसुनेला मी निरोप पाठवला, तिने उत्तरात वर केलेला अंगठा पाठवला, आणि मला वाटलं काम झालं.

सोमवारी आठला फोन आला नाही. मंगळवारीही नाही. बाई आठ वाजता खुर्चीत बसत, फोन समोर ठेवत, साडेआठला उठत. मी ऑफिसच्या बसला निघताना त्या तशा बसलेल्या दिसत. एक आठवडा गेला. मी माझ्या मोबाइलवरून शकूताईंच्या घरचा फोन लावून दिला. तो एंगेज होता. दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा एंगेज.

"दुपारी लावू या का?"

"दुपारी ती झोपते. आणि झोपेतून उठून फोन घेण्याइतकं तिला ऐकू येत नाही."

"मग संध्याकाळी?"

"माझी वेळ आठची आहे," बाई म्हणाल्या. "तिला दुसरं कोणी मिळालं असेल वाचायला."

हे त्यांनी अगदी सरळ आवाजात म्हटलं आणि मिरच्यांची देठं काढायला घेतली. त्या आठवड्यात त्यांनी वाचनालय चुकवलं. दातांच्या डॉक्टरांनी एक माणूस पाठवून चौकशी केली. जिन्यातलं मांजर वाटेत बसलं होतं, त्याला त्या काहीच बोलल्या नाहीत. बाजूने गेल्या.

शेवटी मी त्यांना न विचारता एका संध्याकाळी सांगलीला फोन लावला. भाचेसुनेने उचलला.

"अहो, मावशी तुमच्या बाईंशी रोज बोलतात की," ती म्हणाली. "ते तुमचं नवीन ॲप मला काही जमलं नाही. मी मावशींना म्हटलं, घरच्या फोनवरूनच लावा पूर्वीसारखा. लागतो की रोज. अर्धा तास वाचतात."

मी फोन बाईंना दिला. तिने पुन्हा तेच सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"रोज माझ्याशी बोलते?"

"हो. आजसुद्धा बोलल्या."

"मग मी कोण?" बाईंनी विचारलं. त्यांना ते खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

त्यानंतर बाईंनी माझ्या फोनवरून स्वतःचाच जुना नंबर फिरवला. मी स्पीकर लावला.

"बोला, कांदा," पलीकडून आवाज आला.

"आपण कोण?"

"आवं, फोन तुमी केलाय. तुमी कोन?"

"हा नंबर माझा आहे."

पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला. "मावशी, नंबर मी दुकानातनं घेतलाय. पावती हाय माज्याकडं."

"असेल. आपल्याला रोज सकाळी सांगलीहून फोन येतो का?"

"बातम्यावाल्या मावशी?" आवाज एकदम घरगुती झाला. "येतो की. आठच्या ठोक्याला. एक दिस खाडा न्हाय."

"काय सांगतात?"

"समदं. कृष्णेचं पानी वाढलं स्वल्पविराम, लोकांनी गावं सोडली पूर्णविराम, असं. मी आधी म्हनलं, राँग नंबर हाय मावशी. त्यांला ऐकाय येत न्हाय. मग मला वाटलं कंपनीची काय तरी स्कीम हाय. नवीन कार्डावर बातम्या फुकट."

त्यांचं नाव बबनराव. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता. "उद्या या की गाळ्यावर," ते म्हणाले, "आठच्या आत या. मावशी आल्या की ऐका तुमीच."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि आम्ही दोघी बसने मार्केट यार्डात गेलो. बाई इस्त्रीची सुती साडी नेसल्या होत्या. गाळ्यात छतापर्यंत गोण्या, पायाखाली कांद्याची सालं, आणि मध्ये वजनाचा काटा. बबनराव चाळिशीतले, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का. त्यांनी एका गोणीवर रिकामं पोतं अंथरून बाईंना बसायला दिलं. आठ वाजले. बबनरावांनी फोन काट्यावर ठेवला आणि स्पीकर लावला. माल उतरवणारे चारपाच हमाल चहाचे कप घेऊन येऊन बसले. त्यांची ती रोजची वेळ होती हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं.

फोन वाजला.

"शीर्षक," शकूताईंचा आवाज आला. मी तो पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकत होते. खणखणीत, शाळेत प्रार्थना सांगतात तसा. "हळदीचे भाव वधारले. नवा परिच्छेद. सांगली, स्वल्पविराम..."

"हळद वाढली," एक हमाल दुसऱ्याला म्हणाला.

बाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. शकूताई पुढे वाचत गेल्या. "जिल्हाधीकारी यांनी सांगितले. धी दीर्घ छापलाय." इथे त्या थांबल्या. बबनरावांनी सवयीने पुढे वाकून म्हटलं, "बरं."

"ऱ्हस्व," बाई म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या, गोण्यांच्या वरून.

हमालांनी कप खाली ठेवले.

"बोललीस आज," शकूताई म्हणाल्या. "इतके दिवस नुसतं बरं, बरं. मला वाटलं रागावलीस."

बाई उठून काट्यापाशी गेल्या आणि फोनवर वाकल्या. "रेंज नव्हती," त्या म्हणाल्या. "पुढे वाच."

मी त्यांच्याकडे दोन वर्षं राहिले, त्यात त्यांनी उच्चारलेलं हे एवढं एकच खोटं वाक्य मला माहीत आहे.

फोन संपल्यावर बबनराव म्हणाले, "मावशी, नंबर परत घ्या तुमचा. मी दुसरा घेतो. आपन दुकानात जाऊन नावावर करू."

बाईंनी गाळ्याच्या वरची पाटी पाहिली. पाटीवर तो नंबर रंगवलेला होता. मालाच्या चिठ्ठ्यांवर छापलेला होता. "हा सगळ्यांना दिलात?"

"दिला की. जुन्नरपास्नं शेतकरी ह्याच्यावर फोन करत्यात."

"मग आता तो तुमचा. छापून झाल्यावर बदलायचं नसतं. गोंधळ होतो."

मी बसमध्ये त्यांना उपाय सुचवले. साधं नवं सिमकार्ड घ्यावं आणि बबनरावांनी आठ वाजता फोन तिकडे वळवावा. किंवा शकूताईंना नवा नंबर शिकवावा. बाईंनी दोन्ही ऐकून घेतले. शकूताई आता नवा नंबर शिकणार नाहीत, हे त्या म्हणाल्या आणि ते खरं होतं. सिमकार्डाचं नाव काढलं की त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्या साडी नेसून तयार होत्या.

"कुठे?"

"मार्केट यार्ड. सात दहाची बस आहे."

आणि मग त्या रोज जाऊ लागल्या. रिचार्ज करायचा नाही म्हणून शहर ओलांडून कांद्याच्या गाळ्यात जाऊन फोन ऐकणारी बाई, असं मी ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीही हसले. पण सांगताना मला ते पुरतं सांगता येत नव्हतं. बाईंना तिथे गोणीवर जागा ठरली. आठच्या आधी त्या चिठ्ठ्यांवरचं मराठी तपासून देत. शेजारच्या गाळ्यावर 'बटाठा' असं लिहिलेलं होतं, ते त्यांनी त्या माणसाला शिडी लावायला सांगून पुसून घेतलं. हमालांना त्या 'तुम्ही' म्हणत. पहिल्या दिवशी ते मागे वळून बघत, की आपल्या मागे कोण उभं आहे. नंतर ते आपसातही म्हणायला लागले, असं बबनराव सांगत. "परवा दोघं भांडत व्हते. तुमी गाढव आहात, म्हनतो एक."

पावसाळ्यानंतर एकदा बबनरावांना काहीतरी खटकलं. बाई त्या दिवशी तापामुळे गेल्या नव्हत्या, म्हणून बबनरावांनी मला फोन केला. "ताई, मावशी कालचंच वाचतायत," ते म्हणाले. "कालचं म्हंजी, आठवडा झाला, हळदीचे तेच भाव. मी बाजारातला मानूस, मला कळतं. बाईंना सांगू का नको?"

बाईंना माहीत होतं. शकूताई तोच एक जुना पेपर रोज वाचत होत्या. त्यातली तीच चूक त्यांना रोज नव्याने सापडत होती, आणि बाई ती रोज नव्याने दुरुस्त करत होत्या.

मग सांगलीच्या भाच्याची बदली गुजरातला झाली. नवरा-बायको दोघंही दिवसभर कामावर, मूल लहान. त्यांनी मिरजेच्या एका वृद्धाश्रमात चौकशी केली होती. भाचेसुनेने हे मला रडत सांगितलं. ती वाईट मुलगी नव्हती. मी ते बाईंना सांगितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुम्हाला खोली सोडावी लागेल," त्या म्हणाल्या. "कारण तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं, तरी वाईट वाटलं. पुन्हा तेच फिरणं, तोच चहा, तेच आडनाव. मी तसं बोलले नाही. पण शनिवारी बाई माझ्याबरोबर निघाल्या. नारायण पेठेतल्या त्यांच्या ओळखीच्या एका घरी गेलो. तिथल्या मालकीणबाईंनी खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली आणि मग नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. त्या थांबल्या. "आडनाव जरा..." त्या बाईंकडे बघून म्हणाल्या.

"आडनाव शुद्ध आहे," बाई म्हणाल्या. "मी स्वतः तपासलंय."

नळाची वेळ सांगणाऱ्या बाई लाल झाल्या. मला खोली मिळाली. ते वाक्य मला आवडलं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण खोलीत मी तीन वर्षं राहिले.

शकूताईंना आणायला बाई स्वतः सांगलीला गेल्या. मी महिनाभराने एका सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांना भेटायला गेले. बाई स्वयंपाकघरात पोळ्या करत होत्या. देवळीतल्या वायफायच्या डब्याशेजारून एक नवी तार माझ्या जुन्या खोलीत गेली होती.

"लँडलाइन घेतली," बाई म्हणाल्या. "तिला मोबाइल हातात धरता येत नाही."

"पण आता फोन कोणाला करायचाय? तुम्ही इथेच आहात."

बाईंनी पोळी उलटली. "मी इथे आहे असं तिला वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं. ती म्हणाली, छे, ती माझ्याशी फोनवर बोलते. सारखं सांगितलं तर घाबरते. म्हणून सांगत नाही."

"मग?"

"आठ वाजू द्या."

आठ वाजले. आतून नंबर फिरवल्याचा आवाज आला, मग "शीर्षक." मी दारातून पाहिलं. शकूताई खिडकीपाशी ताठ बसल्या होत्या. लहानशा, गोऱ्या, केस नीट विंचरलेले. वेणी बाईंनीच घातली असणार. ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांच्या फोनचा आवाज पूर्ण मोठा केलेला होता, आणि पलीकडून मार्केट यार्डातले हॉर्न आणि बबनरावांचं "बरं" स्पष्ट ऐकू येत होतं.

"रोज घेतात ते?" मी हळूच विचारलं.

"गाडी आली असली तरी थांबवतात. मी म्हटलं होतं, नसेल जमत तर सांगा. ते म्हणाले, माणसं चहाला बसलेली असतात, त्यांना काय सांगू?"

पेपर संपला. पूर्वी इथे फोन ठेवला जायचा. पण शकूताईंनी ठेवला नाही.

"बाकी बरं आहे," त्या म्हणाल्या. "मला पुण्यात ठेवलंय. इथे एक बाई आहेत, त्यांच्याकडे. पोळ्या मऊ करतात. टोकतात फार, पण मनाने बऱ्या असाव्यात. एकट्याच असतात गं. कोणाचा फोन येत नाही त्यांना." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू ये एकदा. ओळख करून देते. तुमचं दोघींचं जमेल."

बराच वेळ नुसता बाजार ऐकू आला. मग बबनराव घसा साफ करून म्हणाले, "येतो. म्हंजी, येते."

बाईंनी गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले, चष्मा काढून पुन्हा लावला. मग स्वतःच्याच घरातल्या त्या खोलीच्या उघड्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि चौकटीवर दोनदा टकटक केलं.

शकूताईंनी फोनवर हात ठेवून वर पाहिलं.

"या ना, बसा," त्या म्हणाल्या. "आत्ताच तुमचा विषय निघाला होता."